दुसऱ्या पंगतीचा माणूस

आमच्याकडे जेवायला बसलं की दादा टेबलावर दोन टिचक्या मारायचा. टक टक. की आमचे हे उठून दार उघडायला जायचे. दारात कोण असणार? परत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा टक टक. "अहो, मीठ हवंय त्याला!" मी स्वयंपाकघरातून ओरडायची. धाकट्याला हसून हसून ठसका लागायचा. दादा ओशाळून म्हणायचा, "चुकलं बुवा. सवय."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याचं सगळं आयुष्य एकाच स्वयंपाकघरात गेलंय. आमच्या वस्तीच्या वर, चढाच्या टोकाला, एक दगडी इमारत आहे, सगळ्या खिडक्या एका मापाच्या. ते बेनेडिक्टीन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचं कॉलेज. राहणं, शिकणं, प्रार्थना, सगळं एकाच छपराखाली. लांबलांबच्या मठांतून पोरं येतात. पोरं आपली म्हणायची, काहींना टक्कल पडलेलं असतं. काही वर्षं धर्मशास्त्र शिकतात आणि आपापल्या मठात परत जातात. दुसऱ्या पंथांचेही काही असतात. मी त्यांना झग्यांवरून ओळखते, काळा, तपकिरी, पांढरा, कारण झगे मी शिवते. भावानं त्यांची पोटं भरायची आणि बहिणीनं अंगं झाकायची, असा आमचा दोघांचा संसार त्या इमारतीवर चाललाय.

तर त्या लोकांच्यात जेवताना बोलायचं नसतं. अजिबात नाही. मीठ हवं तर दोन टिचक्या, पाणी हवं तर ओठांना बोट, पाव हवा तर तळहात सुरीसारखा फिरवायचा. मी जर तिथं साधू झाले असते तर पहिल्याच जेवणाला माझी हकालपट्टी झाली असती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सगळे गुपचूप जेवतात आणि एकजण भिंतीतल्या उंच कठड्यात उभा राहून मोठ्यानं वाचतो. कधी संतांच्या गोष्टी, कधी इतिहास, एकदा तर मधमाश्या कशा पाळाव्यात ते. आठवड्याला वाचणारा बदलतो. पाळी सुरू व्हायच्या आधी तो प्रार्थनाघरात सगळ्यांपुढे उभा राहतो आणि विनवतो की बाबांनो, माझ्यासाठी प्रार्थना करा, मला माझ्या आवाजाचा गर्व होऊ नये. दादानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरात ही प्रथा उद्यापासून सुरू करा, सुरुवात तुझ्या मेव्हण्यापासून.

वाचायला चढण्याआधी त्या पोराला पेलाभर गरम काहीतरी द्यायचं, अशी त्यांची रीत आहे. उपाशीपोटी घसा सुकायला नको. दादा सूप द्यायचा. मग सगळ्यांचं जेवण उरकलं, हॉल रिकामा झाला, की वाचणारा स्वयंपाकघरात येऊन जेवायचा. तिथं बोलायला बंदी नाही. पूर्वी वाढणारेही असायचे बरोबर. पुढं पोरं कमी झाली, वाढणं बंद झालं, भांडी टेबलावरून हातोहात फिरायला लागली. मग मागे उरले दोघंच. वाचणारा आणि आचारी. दादा त्याला दुसरी पंगत म्हणायचा.

वहिनी होती तोवर त्याला या पंगतीचं काही कौतुक नव्हतं. उलट ती पोराला घाई. "आटप रे बाबा लवकर, घरी बायको खोळंबलीय." वहिनी त्याच्याशिवाय घास तोंडात घालायची नाही. तो तिथं चार घास खाल्ल्यासारखे करायचा आणि घरी येऊन तिच्याबरोबर खरा जेवायचा.

मग वहिनी गेली. ताप काय आला आणि होत्याचं नव्हतं काय झालं, कळलंच नाही. मूलबाळ नाही. दोन खोल्यांत दादा एकटा. मी गेले तर जेवायच्या टेबलाजवळ एकच खुर्ची. दुसरी त्यानं दाराआड नेऊन ठेवलेली, तिच्यावर कांद्यांची टोपली. "आमच्याकडे राहायला ये," म्हणून मी कानीकपाळी ओरडले. तर म्हणाला, "तुमच्या गर्दीत मला जास्त एकटं वाटतं गं." मला असा राग आला! घरात नवरा, तीन मुलगे, सदा माणसांचा राबता, आणि याला एकटं वाटतं म्हणे. म्हटलं, जा, बस कांद्यांबरोबर.

तो बसला मात्र त्या पोरांबरोबर. दुपारच्या दुसऱ्या पंगतीवर त्याचा दिवस उभा राहिला. काम करताना त्याला हॉलमधलं वाचन नीट ऐकू यायचं नाही, दाराआडून नुसती गुणगुण. म्हणून पोरगं पहिला घास घेऊन जरा शांत झालं, की दादा विचारायचा, "हं, सांग. आज काय झालं?" मग ते वाचलेलं सगळं पुन्हा सांगायचं. कोणता संत कुठं पोचला, राजानं त्याला काय म्हटलं. सांगता सांगता गाडी स्वतःवर यायची. एक जाड्या होता, त्याच्या नशिबी नेमका उपासाचा धडा यायचा आणि त्याच्या पोटातले आवाज वाचनापेक्षा मोठे निघायचे. तो दादाला म्हणाला, "मामा, मला साधू व्हायचंय, पण भूक कुठं ठेवू?" एक अडखळ्या होता, दर ओळीला तटायचा. त्याला दादानं पाळीच्या आधीच्या दिवसांत बटाटे सोलायला बसवलं आणि बटाट्यांपुढे वाचायला लावलं. एका लांबड्याला घरची आठवण यायची, तो आठवडाभर फक्त आईच्या बागेबद्दल बोलला. दादाला अजून त्या बागेतली झाडं पाठ आहेत.

शिकून झालं की ही पोरं "मामा, मामा" करत गळ्यात पडायची आणि जायची. गेली की गेली. दादाला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. पुढच्या रविवारी नवा वाचणारा असायचाच.

आणि मग आले नवे रेक्टर. कॉलेजचे मुख्य. या माणसाला नावं ठेवायला जागा नाही, हेच तर दुखणं! वाईट माणूस असता तर मी त्याच्या झग्याची बाही उलटी लावली असती. पण हा देवमाणूस. वयानं तरुण, बोलणं मऊ, सगळ्यांकडे लक्ष. त्यानं पाहिलं की वाचणारं पोर गार झालेलं अन्न खातं आणि दुपारच्या वर्गाला धापा टाकत पोचतं. त्याला दया आली. त्यानं एक काळा डबा आणला आणि कठड्यात ठेवला. त्यात चांगल्या चांगल्या वाचकांचे आवाज भरलेले. बटण दाबलं की डबा वाचतो. त्याला भूक नाही, घसा नाही, गर्वही नाही. आता सगळे एकत्र, गरम गरम जेवायला मोकळे.

एवढ्यावर थांबला असता तर तो देवमाणूस कसला? स्वयंपाकघरात येऊन दादाचे ओले हात हातात घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही तरी मागं एकटे कशाला जेवता? आजपासून तुमचं ताट हॉलमध्ये, आमच्या पंक्तीला." दादा काय म्हणणार? म्हणाला, "बरं." मी तर गल्लीभर सांगत सुटले. माझा दादा साधूंच्या मांडीला मांडी लावून जेवतो, आहात कुठं!

पुढं दादानं एक पँट आणून दिली. "कमरेत आत घे जरा." घेतली. थोड्या दिवसांनी तीच पँट पुन्हा. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा मी टेप टाकली खाली आणि त्याला खुर्चीत दाबून बसवलं. "आचारी असून उपाशी राहतोस? काय चाललंय तुझं? खरं सांग!"

"जेवतो की. भरल्या हॉलमध्ये जेवतो."

"मग अंगाला का लागत नाही?"

त्यानं खाली पडलेली टेप उचलून गुंडाळली. मग म्हणाला, "टिचकी मारायच्या आत शेजारचा मीठ पुढं करतो. इतके चांगले आहेत सगळे. पण मान वर करून कुणी बघत नाही, बघायचंच नसतं ना. चमचे वाजतात आणि तो डबा बोलतो. मला कधी कधी गोष्टीत गोडी वाटते, वाटतं विचारावं, पुढं काय झालं? डब्याला कसं विचारणार? परवा हिशेब केला, सकाळपासून मी कुणाशी काय बोललो. 'भांडी इकडं ठेवा.' झालं. मग घरी आलो तर कांदे."

मला हसूही येईना आणि रडूही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग त्यानं आणखी एक सांगितलं. त्यांच्याकडे जेवणाआधीच्या प्रार्थनेला जो उशिरा येतो, त्याला शिक्षा म्हणून एकट्यानं स्वयंपाकघरात जेवावं लागतं. दादा आशेवर होता. कामाचं निमित्त काढून हॉलमध्ये जायला टाळाटाळ करायचा, कान जिन्याकडे. कुणीतरी चुकेल, कुणीतरी धावत येईल. पण मेली शिस्तीची पोरं, एकही उशिरा येईना! शेवटी एके दिवशी दादा स्वतःच मुद्दाम उशिरा गेला. वाटलं, निदान शिक्षा म्हणून तरी आपल्या जागी परत पाठवतील. रेक्टरनी हसून हातानं खूण केली, या, या, बसा. शिक्षासुद्धा मिळेना माणसाला!

"मग तोंड उघडून सांग ना त्यांना!"

"काय सांगू? मला गप्पांना माणूस हवा, म्हणून रोज एका पोराला उपाशी ठेवा? लाज वाटते की नाही मला!"

त्याला वाटते, मला वाटत नाही. नवे झगे पोचवायला गेले ती रेक्टरांच्याच खोलीत गेले. झगा अंगावर घालून बघताना त्यांची बाही माझ्या टाचण्यांत अडकलेली होती, त्यामुळे त्यांना पळता येणार नव्हतं. मी सगळं ओकून मोकळी झाले. त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा," म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही. मी तर त्यांचा एकटेपणा घालवायला त्यांना आत बोलावलं." मी म्हटलं, "फादर, तुमचं काही चुकलं नाही. पण काहीतरी करा."

केलं त्यांनी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्याच दिवशी हॉल उठल्यावर एक काळा झगा स्वयंपाकघरात हजर. दादाचं ताट पुन्हा मागं, आणि आळीपाळीनं रोज एकजण मामांच्या सोबतीला, अशी नेमणूक झालेली. बिचारा स्टुलावर टोकाशी बसला. "मामा, तब्येत कशी आहे?" बरी आहे. "झोप लागते?" लागते. "गुडघे वगैरे?" आहेत जागेवर. मग त्याला पुढं सुचेना. तो घड्याळाकडं बघायला लागला, आणि दादाला काय बोलावं कळेना, कारण पोराचं जेवण हॉलमध्येच झालेलं. तो नुसता बघत बसलेला, आजाऱ्याजवळ बसतात तसा. दादानं त्याच्या हातात एक सफरचंद दिलं, पाठवून दिलं, आणि रेक्टरांना जाऊन सांगितलं, उद्यापासून कुणाला पाठवू नका, मी हॉलमध्येच बरा आहे. भीक नको पण कुत्रं आवर!

संध्याकाळी तो माझ्या दारात. चप्पलही काढली नाही. "कुणी सांगितलं होतं तुला चोंबडेपणा करायला? मी काय मरायला टेकलोय? माणूस नेमून देतात का कधी बोलायला?"

"अरे, तुझ्यासाठीच..."

"तेच! माझ्यासाठी नको होतं! ती पोरं माझ्यासाठी यायची नाहीत. भूक लागलेली असायची म्हणून यायची. म्हणून गोड वाटायचं." आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

आमच्यात भांडणं काही नवी नाहीत, पण या वेळी त्यानं रविवारी यायचंही बंद केलं. रविवारी संध्याकाळी कॉलेजात थंड जेवण असतं, त्याला सुटी, तेव्हा तो नेहमी आमच्याकडे जेवायचा. मी त्याचं ताट मांडायची आणि उचलून ठेवायची. माझी शिलाई वाकडी जायला लागली. सगळ्यांवर खेकसायची. यजमान म्हणाले, "तूच जा ना." म्हटलं, "माझं अडलंय खेटर!" आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

मग एका रविवारी आला. उशिराच आला. आमच्याकडचे सगळे टेबलावर बसलेले, टीव्हीवर सामना लागलेला, थोरल्याचा एक डोळा ताटात आणि एक पडद्यावर. दादा सरळ माझ्याकडे स्वयंपाकघरात आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. मी फुगलेलीच होते. "तिकडे बस ना. वाढते."

"तू कधी जेवतेस?"

"माझं काय. सगळ्यांचं झालं की मागून."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे? भांड्यांबरोबर!"

मी चेष्टेनंच म्हटलं होतं. पण तो माझ्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरी जेवून गेला, बाहेरच्या खोलीत, पुरुषांबरोबर. मी आतून बाहेर, बाहेरून आत. मी कधी जेवते हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कधी पाहिलं नव्हतं.

तो उठला. शेगडीवरच्या पातेल्यातलं सूप पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. "आधी हे घे."

"मला मेलीला कशाला? त्यांना वाढायचंय अजून."

"म्हणूनच. वाढणाऱ्यानंही उपाशीपोटी वाढायचं नसतं. त्यांच्यात तसा नियमच आहे."

मी ओट्याला टेकून ते प्याले. भूक लागली होती हे पोटात गरम गेल्यावर कळलं. मग बाहेर वाढलं, हवं नको बघितलं, ताटं आली, सगळे उठून गेले. मी नेहमीसारखं ताट घेऊन ओट्याशी उभी राहिले. दादानं दुसरं स्टूल पायानं ओढलं. "बसून." बसले. तो समोर त्याचं ताट घेऊन. दोघंही जेवायला लागलो. टक टक. मी मीठ सरकवलं.

मग त्यानं विचारलं, "हं, सांग. आज काय झालं?"

"काय व्हायचंय? काही नाही."

तो थांबला. त्याला घाई नव्हती. अडखळ्यासाठी थांबून थांबून शिकलेला माणूस तो. मी त्याला काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. सगळ्या गल्लीला बोलून पुरून उरणारी मी! लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या ताटासमोर कुणी बसलं नव्हतं. मला कुणी हा प्रश्नच विचारला नव्हता. मी ढसाढसा रडले, आणि रडता रडता त्याला शिव्या घातल्या, की मीठ किती घेतोस, म्हातारा झालास आता.

मग मात्र सगळं सांगितलं. मशीनची सुई मोडली ते. जाड कापडानं माझी बोटं आता दुखतात ते. थोरल्याला लांब नोकरी लागलीय, तो जाणार आहे, मला सांगितलंय, बापाला सांगायचा धीर त्याला होत नाहीय, आणि मी ते पोटात धरून फिरतेय ते. दादा मध्ये एवढंच म्हणायचा, "मग?" हात ताटातच वाळून गेले तरी आम्ही उठलो नाही.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येतो. कॉलेजातलं रात्रीचं जेवण आधीच लावून ठेवतो, एक पोरगं ते गरम करून घेतं. दुपारी अजून हॉलमध्येच जेवतो. डबा वाचतो, चमचे वाजतात, कुणी वर बघत नाही. ते काही बदललं नाही आणि बदलायचंही नाही. पण दोनदा आत घेतलेली ती पँट आता उसवून द्यावी लागली.

परवा मधल्याच्या ध्यानात आलं की आम्ही दोघं आत बसतो. पोरगा मनानं चांगला आहे, अगदी त्या रेक्टरांच्या वळणाचा. ताट घेऊन आत आला आणि म्हणाला, "आई, तू आणि मामा असे मागं का जेवता? आजपासून बाहेर या ना आमच्याबरोबर. जागा करतो." बाहेर सामन्याचा आरडाओरडा चालला होता, सगळ्यांची तोंडं पडद्याकडे.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. रेक्टरांनी हॉलमध्ये बोलावलं तेव्हाही तो फक्त "बरं" म्हणाला होता.

"नको रे राजा," मी म्हटलं. "तुमचं होऊ दे सावकाश. आमची पंगत इथंच आहे."

पोरगं खांदे उडवून गेलं. मी दादापुढचा पेला सुपानं भरला आणि माझाही भरला. मला सपाटून भूक लागली होती.